ताईच्या फोल्डरमधलं प्लगिन

ऑफिसात त्यांना सगळे कप्पेकाका म्हणत. तोंडावर नाही, पण काकांच्या कानावर ते कधीच गेलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं. कायद्याच्या मजकुराचं भाषांतर करणारं ते ऑफिस. वरच्या मजल्यांवर भाषांतरकार, तळमजल्यावर मशिनची थंडगार खोली आणि तिला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत काका. त्यांच्या टेबलाच्या खणात टाचण्या वेगळ्या, पिना वेगळ्या, रबरबँड वेगळे. कुणी हातात काही घेऊन आत आलं की काका आधी माणसाकडे बघतच नसत. वस्तूकडे बघून विचारत, "ह्याची जागा कुठली?" आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकत.

असा माणूस सिस्टिम सांभाळायला मिळाला हे ऑफिसचं नशीबच म्हणायचं. सगळे भाषांतरकार एकाच मोठ्या मशिनवर, एकाच जुन्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, काम करत. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला हात न लावता सगळा कारभार बोटांवर. नवीन माणूस पहिले काही दिवस त्या एडिटरला शिव्या घालायचा आणि मग जन्मभर दुसऱ्या कशालाच हात लावायचा नाही. ह्या एडिटरला प्लगिन जोडता येत. म्हणजे छोटे जोडप्रोग्राम. कुणाला कलमांचे आकडे रंगीत हवेत, कुणाला चुकलेला शब्द अधोरेखित हवा. ही प्लगिन आधी माणसाला वाचता येईल अशा मजकुरात लिहायची, त्याला सोर्स म्हणतात, आणि मग तो सोर्स कंपाइल करून मशिनला चालेल अशी फाइल करायची. गहू दळून पीठ करावं तसं. पिठावरून गव्हाचा अंदाज येतो, गहू काही परत मिळत नाहीत.

वरच्या मजल्यावर खिडकीपाशी काकांची मोठी बहीण बसायची. ऑफिसातली सगळ्यात जुनी भाषांतरकार. आई गेल्यावर काकांना तिनंच वाढवलेलं, त्यामुळे पन्नाशी उलटून, डोक्यावरचे केस उडून गेले तरी ती त्यांना छोट्याच म्हणायची, तेही जिन्यात, चारचौघांत. काका कानकोंडे व्हायचे आणि तिला त्याची गंमत वाटायची.

ताईचे हात थरथरायचे. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, मग सही बिघडली, मग टाइप करताना एकेक अक्षर तीन-तीनदा उमटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हे आता सोबत राहणार. काम सुटतं की काय ह्या धास्तीनं ताई सुकून गेली. काम हा तिचा जीव होता. एखाद्या कलमातलं 'किंवा' कुठं बसवायचं ह्यावर ती जेवताना वाद घालायची.

तेव्हा भावोजींनी मनावर घेतलं. भावोजी म्हणजे लिफ्टच्या पॅनेलांची दुरुस्ती करण्यात आयुष्य घालवलेला माणूस. प्रोग्रामिंगचा आणि त्यांचा संबंध यायचं कारण नव्हतं. निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ एक जाडजूड पुस्तक घेऊन बसला आणि शिकला. संध्याकाळी ताईशेजारी खुर्ची टाकायची, चहा प्यायचा आणि तिच्या बोटांकडे बघत राहायचं. कोणतं बोट कुठं घसरतं, कोणतं अक्षर मुद्दाम दोनदा येतं आणि कोणतं हाताच्या खोडीनं, सगळं त्यांनी बघून बघून त्या प्लगिनमध्ये घातलं. ताईची बोटं कशीही पडोत, पडद्यावर शब्द नीट उमटायचा. आणि हात फारच थरथरायला लागला तर पडद्याच्या तळाशी एक ओळ यायची: दम घे. चहा घे.

काकांना भावोजींचं कौतुक होतं, पण त्यांचा पसारा बघवत नसे. साखरेच्या डब्यात स्क्रू, चष्मा फ्रिजवर. प्लगिनच्या फाइलचं नावसुद्धा काय, तर 'हात-शेवटचा-नवीन-२'. ती फाइल ताईच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये अशीच पडलेली, टिपणं आणि जुनी पत्रं ह्यांच्या मधोमध. काका म्हणायचे, "भावोजी, निदान नाव तरी सरळ ठेवा." भावोजी हसायचे. "सापडतं ना तिला? मग झालं की."

पुढे भावोजी गेले. झोपेतच गेले. ताई मोजके दिवस रजेवर राहिली आणि कामावर परत आली. पहिल्या दिवशी तिनं एडिटर उघडला, थोडं टाइप केलं आणि खाली ओळ आली, दम घे, चहा घे. ती उठली आणि खरंच चहा घेऊन आली. हे तिनंच काकांना सांगितलं होतं, हसत हसत.

"जाताना एवढं ठेवून गेले बघ," ती म्हणाली. "बाकी सगळा पसाराच."

भावोजींचा लॅपटॉप तिला नजरेसमोर नको होता. काकांनी त्यातले फोटो काढून घेतले, लॅपटॉप पुसून कोरा केला आणि एका शाळेला देऊन टाकला. चोख काम. ताईनं पाठ थोपटली होती.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ऑफिसात एक भानगड झाली. एका भाषांतरकारानं कुठून तरी एक प्लगिन आणून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलं. ते वेडंवाकडं कंपाइल केलेलं होतं. एडिटर धाडकन बंद पडला आणि त्याचं दिवसाचं काम पाण्यात गेलं. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हे कुणीही कुठूनही काहीही आणून लावणार असेल तर तुम्ही कशाला आहात?"

काकांना तेच हवं होतं. असा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारावा म्हणून ते जणू टपूनच बसले होते. कंपाइल केलेली प्लगिन ठेवायची कुठे? त्यांनी आठवडाभर ह्या एका प्रश्नाचा इतका कीस पाडला की घरी बायको म्हणाली, "लग्न ठरवताना तरी एवढा विचार केला होतास का?" जागा तीन होत्या. पहिली म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर. ती बादच, तिथूनच तर भानगड झाली. दुसरी म्हणजे सिस्टिममधला एक वेगळा कोपरा, ऑफिसनं स्वतः केलेल्या गोष्टींसाठी राखलेला. एडिटर बदलला तरी त्या कोपऱ्याला धक्का लागत नाही. तिसरी म्हणजे थेट एडिटरच्या पोटात, त्याच्या आवृत्तीच्या आकड्याचं जे फोल्डर असतं त्याच्या आत. नवी आवृत्ती आली की जुन्या आकड्याचं फोल्डर सगळं उडवायचं आणि प्लगिन नव्यानं कंपाइल करून नव्या आकड्यात ठेवायची. जुनं नव्यात मिसळायची भीतीच नको.

दुसरी जागा निवडली असती तर काय बिघडलं असतं, हा विचार पुढे काकांनी किती वेळा केला त्याला गणती नाही. पण दुसरी जागा त्यांना गबाळी वाटली. तिथे जुनं साठतं, म्हणाले. त्यांनी तिसरी निवडली. साहेबांनी मान डोलावली. साहेबांना ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकांनी आकृती फार सुरेख काढली होती.

मग काका स्वतः एकेकाच्या फोल्डरमधली प्लगिन उचलून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये न्यायला लागले. ताईचंही नेलं. एकच वस्तू दोन ठिकाणी हा त्यांच्या लेखी गुन्हा, म्हणून कॉपी ठेवली नाही, फाइल उचलूनच नेली. नावही बदललं, सुटसुटीत केलं. ताईला विचारलं का? सांगितलं. विचारणं वेगळं.

"चालेल ना पण?" एवढंच ताईनं विचारलं होतं.

"आधी चालायचं त्यापेक्षा बरं चालेल," काका म्हणाले.

आणि चाललंही. वर्षाच्या वर चाललं. पण एक गोष्ट काकांच्या ध्यानात आली नाही, आणि ती त्यांच्या ध्यानात यायलाच हवी होती, कारण तोही नियम त्यांनीच केलेला होता. बॅकअप, म्हणजे रोजची जादा प्रत, फक्त माणसांच्या फोल्डरांचा व्हायचा. सिस्टिमच्या फोल्डरांचा नाही. तिथलं सगळं कंपाइल केलेलं. गेलं तर सोर्सवरून पुन्हा करता येतं, मग त्याचा बॅकअप कशाला? ह्या धंद्यातला कुणीही माणूस हेच म्हणेल. ताईच्या फोल्डरात ती फाइल पसाऱ्यात पडलेली होती तोवर रोज तिचा बॅकअप होत होता. काकांनी तिला चांगल्या जागी नेलं आणि त्या दिवसापासून तिची दुसरी प्रत कुठेही उरली नाही. बॅकअपच्या टेपा फिरत्या होत्या, त्याच त्याच पुन्हा वापरायच्या. जुन्या टेपांवर नवं चढत गेलं.

एडिटरची नवी आवृत्ती आली. काकांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत काम उरकलं. नवा आकडा बसवला, ज्यांचे सोर्स काकांकडे होते ती सगळी प्लगिन कंपाइल करून नव्या फोल्डरात ठेवली, जुना आकडा उडवला. ताईचं राहिलंय हे त्यांना दिसलं. सोर्स मागून घेऊ आणि लगेच करू, त्यात काय, असं ते स्वतःशी म्हणाले. मग सगळ्यांना निरोप गेला: चालू असलेला एडिटर बंद करा आणि पुन्हा उघडा.

ताईचा फोन आला. "छोट्या, माझं पान अर्ध्यात आहे. आणि माझं चालू आहे की व्यवस्थित. राहू दे ना."

"ताई, जुनंच चालू आहे ते. बंद करावं लागेल."

"संध्याकाळी करते."

काका वर गेले. आजूबाजूची टेबलं कान देऊन होती. एकानं खाकरून दुसऱ्याकडे बघितलंही. काकांना ते लागलं. "सगळ्यांनी केलंय, ताई. तुला सूट दिली तर उद्या म्हणतील, बहीण आहे म्हणून."

"मग म्हणू देत. आहेच मी बहीण."

"ताई, प्लीज."

तिनं पान साठवलं आणि एडिटर बंद करायच्या दोन कळा दाबायला गेली. चारचौघांत काका असे टेबलाशी उभे, त्यामुळे हात जास्तच थरथरत होता. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. काका घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्यांदा जमलं आणि पडदा कोरा झाला.

पुन्हा उघडल्यावर तिनं एक शब्द टाइप केला. पडद्यावर उमटलं: कककायदाााा.

"थांब, थांब, घाबरू नकोस," काका म्हणाले. "तुझं कंपाइल करायचं राहिलंय फक्त. सोर्स दे, आत्ता करतो."

"सोर्स म्हणजे?"

"भावोजींनी लिहिलेलं मूळ. कुठे ठेवलंय?"

"त्यांच्या लॅपटॉपवरच असणार," ताई म्हणाली. "ते सगळं तिथेच करायचे."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी जोरात शिंकलं.

काकांनी नंतर काय काय केलं नाही! शाळेत जाऊन आले. लॅपटॉप कधीच मोडीत निघालेला. जुन्या टेपा तपासल्या. मशिनच्या डिस्कवर पुसलेल्या फाइलचा माग काढणारे प्रोग्राम चालवले. त्या जागेवर नव्या आवृत्तीचंच काहीबाही लिहिलं गेलं होतं. जागा रिकामी ठेवायची नाही ही सवय मशिनलाही असते.

आणि मग एक दिवस, मशिनच्या खोलीत उभे असताना, काकांना आठवलं. नवीन काही कळलं नाही, आठवलं. एखादी फाइल चालू प्रोग्रामनं उघडलेली असेल तर ती पुसली तरी मरत नाही. तो प्रोग्राम बंद होईपर्यंत मशिन तिला जिवंत ठेवतं आणि ज्याला येतं तो ती बाहेर काढू शकतो. काकांना येत होतं. साहेबांचा एक पुसला गेलेला अहवाल त्यांनी अशाच युक्तीनं वाचवला होता आणि त्याबद्दल पाठही थोपटून घेतली होती. म्हणजे त्या दुपारी ताई "राहू दे ना" म्हणत होती तेव्हा भावोजींचं प्लगिन तिच्या चालू एडिटरमध्ये धडधडीत होतं. खाली येऊन दोन ओळी टाइप करायचा अवकाश होता. काका तिथेच पंख्यांच्या घरघरीत पालथ्या खोक्यावर बसून राहिले.

ताईसाठी त्यांनी नवं प्लगिन लिहिलं. वाईट नव्हतं. दुहेरी अक्षरं गाळायचं, पण जिथं दुहेरी हवं तिथंही गाळायचं. ताईनं महिनाभर रेटलं. तिच्या भाषांतरात चुका निघायला लागल्या. तिच्या, जिच्याकडे बाकीचे आपल्या चुका तपासायला आणायचे. एका सकाळी तिनं साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि खिडकीतली कुंडी उचलून घरी गेली. जाताना काकांच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "तुझा दोष नाही रे. मशिनचं असंच असतं."

तेच काकांना खाऊ लागलं. मशिनचं असंच नसतं. ताई नसलेल्या वरच्या मजल्यावर जायचं त्यांनी टाळायला सुरुवात केली. खणातल्या टाचण्या आणि पिना एकत्र झाल्या तरी त्यांना वेगळं करावंसं वाटेना. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झालं ते झालं. ताईंना काही सांगू नकोस."

"फसवल्यासारखं वाटतं गं."

"वाटू दे," बायको म्हणाली.

पण काकांना राहवेना. एका रविवारी ते ताईकडे गेले. ती हातानं लिहीत बसली होती, मोठ्ठ्या वाकड्या अक्षरांत, स्वतःसाठीच काहीतरी. भावोजींचा चष्मा अजून फ्रिजवर होता. काकांचा हात सवयीनं तिकडे गेला आणि त्यांनी मागे घेतला.

"बस. चहा टाकते."

"आधी ऐक," काका म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फोल्डर, बॅकअप, सगळं. आणि शेवटी तेही. "त्या दिवशी तू बंद केलंस ना, तोवर ते होतं, ताई. तुझ्या एडिटरमध्ये चालू होतं. मला काढून घेता आलं असतं. मला येतं ते. मला सुचलं नाही. मी तुला बंद करायला लावलं."

सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला. आता ती चिडेल, बोलेल, लहानपणी घालायची तसा पाठीत धपाटा घालेल, आणि मग संपेल, असं त्यांना वाटलं.

ताई चिडली नाही. तिनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तोवर होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी बंद केलं तेव्हा गेलं."

"तसं नाही ताई, मी लावलं तुला—"

"दोनदा चुकलं बघ माझं त्या दिवशी. तू घड्याळाकडे बघत होतास." ती टेबलावरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "खाली ओळ आली होती. दम घे, चहा घे. मी वाचली. आणि म्हटलं, छोट्याला उशीर होतोय."

बायको सांगत होती ते काकांना आत्ता कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. इतके दिवस एकट्यानं बाळगलेलं त्यांनी आणून तिच्या हातात ठेवलं होतं, आणि इथेही तिला विचारलं नव्हतं.

ताईनं थरथरणारा हात दुसऱ्या हातात धरला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "चहा तूच टाक आज. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

काका स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा उघडला तर त्यात स्क्रू होते. त्यांनी झाकण लावून डबा होता तिथेच ठेवला आणि बाहेर हाक मारून विचारलं, "ताई, साखर कुठे असते?"